भरलेली बंदूक आणि आगीचे भय

१/ घराच्या रक्षणासाठी बंदूक भरलेली ठेवावी की रिकामी? अमेरिकेत हा प्रश्न जुनाच आहे.

२/ १७८३ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने बॉस्टनपुरता कायदा केला : घरात भरलेले शस्त्र आढळल्यास ते जप्त व्हावे. कारण होते आग. ती विझवायला धावणाऱ्यांच्या जिवाला अशा शस्त्राचा धोका होता.

३/ १७९२ च्या मिलिशिया कायद्याने मात्र पात्र गोऱ्या पुरुषांना स्वतःची बंदूक बाळगणे बंधनकारक केले.

४/ २००८ साली घरातील बंदूक सुटी वा कुलूपबंद ठेवण्याचा वॉशिंग्टनचा नियम सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केला. बॉस्टनच्या कायद्यात न्यायमूर्ती ब्रेयर यांना नियमनाची परंपरा दिसली; स्कॅलिया यांना केवळ आगीपासूनची खबरदारी.

५/ जुना कायदा वाचताना म्हणूनच ‘काय’ इतकेच ‘कशासाठी’ हेही विचारावे.