अठ्ठ्याहत्तर फेरे

इतिहासाची साधने म्हणजे काय, हे पातूरकरांस मुद्दाम सांगावयास नको. गावाजवळच्या टेकडीत लेणी कोरलेली आहेत. दगडाचे हे साधन एका बाबतीत मोठे सरळ असते. लेण्याच्या खांबाची उंची आज मोजा किंवा पन्नास वर्षांनी मोजा, ती तेवढीच भरते. ग्रामोफोनच्या तबकडीचे तसे नाही. ती फिरविल्यावाचून बोलत नाही, आणि जशी फिरवावी तशी बोलते. म्हणून जुन्या गवयांच्या इतिहासाचा विचार करताना, तबकडीत काय आहे याच्याही आधी ती मिनिटाला किती फेरे घेत होती, हे विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही. म्हणूनच वीज नसलेल्या गावी तो जाऊ शकला. चावी दिली की आतील पोलादी कमान गुंडाळली जाते आणि उलगडताना थाळी फिरविते. पण कमानीचा जोर आरंभी जास्त व शेवटी कमी. तो तसाच थाळीवर सोडला, तर गाणे धावत सुरू होईल आणि रेंगाळत संपेल. त्यावर उपाय म्हणून आत एक वेगनियामक बसविलेला असतो. त्यात लवचिक पट्ट्यांवर लहान वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि त्यामुळे एक चकती सरकून नमद्याच्या किंवा चामड्याच्या तुकड्यावर घासते. या घर्षणाने वेग आवरला जातो. थाळीजवळचा लहान स्क्रू किंवा खटका हा तुकडा पुढेमागे करतो. वेग जुळविणे म्हणजे वस्तुतः एवढेच.

परंतु कोणत्या वेगास जुळवावयाचे? अठ्ठ्याहत्तर हा आकडा आपल्या तोंडी इतका बसला आहे की तो आरंभापासूनच ठरलेला असावा असे वाटते. तसे नव्हते. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग हे कलकत्त्यास आले व त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापण्यास साचे जर्मनीत हॅनोव्हरला जात. तेथील कारागिरांना गाणारा ओळखता यावा म्हणून गाण्याच्या शेवटी नाव उच्चारण्याची पद्धत पडली. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदा भागात कारखाना निघाला आणि तबकड्या याच देशात छापल्या जाऊ लागल्या. त्या काळी मुद्रणयंत्राचा वेग सत्तरपासून ऐंशीच्याही पुढे, कमीअधिक असे. पुढेही काही कंपन्यांच्या तबकड्यांवर ऐंशीचा आकडा छापलेला आढळतो. विजेच्या साह्याने मुद्रण सुरू झाले त्या सुमारास, म्हणजे १९२५ च्या आसपास, अठ्ठ्याहत्तर हा आकडा स्थिरावला.

आता हिशेब करून पाहू. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. अठ्ठ्याहत्तरला सहा टक्के म्हणजे साधारण साडेचार फेरे. समजा, एखादे गाणे चौऱ्याहत्तर फेऱ्यांवर मुद्रित झाले आणि आपण ते अठ्ठ्याहत्तरवर लावले. पांढरी एकमध्ये गाणारा गवई आता जवळजवळ काळी एकमध्ये गाऊ लागेल.

एकाच फेऱ्याची चूक झाली तर? अठ्ठ्याहत्तरऐवजी एकोणऐंशी म्हणजे सव्वा टक्क्याचा फरक. आपल्या बावीस श्रुतींतील सर्वांत लहान अंतर ८१ ला ८० या प्रमाणाचे मानतात. तेही सव्वा टक्काच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये श्रुतींचे गणित पुस्तकरूपाने मांडले, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी त्या कार्यास आपल्या गळ्याची साथ दिली. ज्या श्रुतीसाठी या मंडळींनी एवढा खटाटोप केला, तेवढे अंतर थाळीच्या एका जादा फेऱ्यात सरकते.

येथे कोणी म्हणेल, मग चुकीच्या वेगाने राग बिघडत कसा नाही? शंका रास्त आहे. वेग वाढला म्हणजे षड्जासह सारेच स्वर एकाच प्रमाणात चढतात. त्यांचे परस्परांतील नाते कायम राहते. आपले संगीत षड्जाच्या आधाराने चालणारे, म्हणून यमन हा यमनच राहतो. पण त्यामुळेच चूक ध्यानात येत नाही. राग शाबूत राहतो आणि बिघडतो तो गवई. त्याचा आवाज पातळ होतो, वय कमी वाटते, लय वाढते, तान आहे त्याहून चपळ भासते. चौऱ्याहत्तरवर मुद्रित झालेले तीन मिनिटांचे गाणे अठ्ठ्याहत्तरवर दोन मिनिटे एकावन्न सेकंदांत आटोपते. बालगंधर्वांसारख्या, पुरुष असून स्त्रीभूमिका गाणाऱ्या नटाच्या आवाजाविषयी अशा चुकीच्या वेगावरून कोणी मत बनवू लागला, तर त्याचा निकाल गळ्यावर नव्हे, स्क्रूवर ठरेल. अब्दुल करीम खाँ यांचे १९०५ च्या सुमाराचे गाणे आणि उतारवयातील गाणे यांची तुलना करणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. त्यांचे निधन १९३७ मध्ये झाले. तीस वर्षांत आवाजात पडलेला फरक कोणता आणि यंत्राने पाडलेला कोणता, हे आधी वेगळे केले पाहिजे.

ते कसे करावे? प्रथम यंत्र स्थिर करावे. तबकडीखाली कागदाची चिठी अशी ठेवावी की तिचे टोक बाहेर डोकावेल. पूर्ण चावी द्यावी आणि पिन तबकडीवर टेकवूनच मोजावे, कारण पिनेच्या ओढीने वेग कमी होतो. चिठी प्रथम समोर येईल तेव्हा एक नव्हे, शून्य म्हणावे. मिनिटात अठ्ठ्याहत्तर भरले पाहिजेत. हे माप तबकडीच्या आरंभी व अखेरीस असे दोनदा घ्यावे. अखेरीस वेग पडत असेल, तर कमान थकली आहे किंवा आतील वंगण घट्ट झाले आहे असे समजावे. तेथे स्क्रू पिळून उपयोग नाही. वीज असल्यास सत्त्याहत्तर रेघांची गोल पट्टी थाळीवर ठेवतात. आपल्याकडील विजेवर निऑनचा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो, म्हणजे मिनिटाला सहा हजार वेळा. सहा हजारांस सत्त्याहत्तरांनी भागले की ७७.९२ येतात. त्या वेगाला रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात.

यंत्र स्थिर झाल्यावर तबकडीचा प्रश्न. साथीला पेटी असेल तर ती मोठी साक्षीदार. गळा पट्टी बदलतो, पण पेटीचे सूर एका वेळी ठरलेलेच असतात. जुन्या पेट्या आजच्या पेट्यांशी तंतोतंत जुळतीलच असे नाही, तरी अर्ध्या स्वराचा घोटाळा बहुधा उघड होतो. शेवटी उच्चारलेल्या नावाचाही आधार घ्यावा. गाताना माणूस आवाज चढवील, पण बोलणे अस्वाभाविक झाले तर ते कानास लगेच कळते. एकाच बैठकीतील अनेक तबकड्या मिळाल्यास त्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात.

आज हे सांगण्याचे विशेष कारण आहे. जुन्या तबकड्यांवरील गाणी संगणकात उतरवून ठेवण्याचे काम घरोघरी चालले आहे. ते स्तुत्यच आहे. पण उतरविताना जो वेग असेल तोच त्या प्रतीत कायमचा बसतो. पुढची पिढी ती प्रत ऐकूनच गवयाचे वय, पट्टी आणि लय ठरवील, विद्यार्थी तिच्यावरून शिकतील, आणि मूळ तबकडी तोवर झिजलेली किंवा फुटलेली असेल. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर किंवा कपाटात अशा तबकड्या असतील, त्यांना आमची विनंती एवढीच की गाणे उतरविताना प्रत्येक प्रतीसोबत किती फेऱ्यांवर उतरविले तो आकडा लिहून ठेवावा, आणि तो कशावरून ठरविला हेही लिहावे. आकडा चुकला तरी लिहिलेला असल्यास पुढचा अभ्यासक तो दुरुस्त करू शकेल.