गाण्याचे पहिले छापील पान

15 जून 1897 च्या 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आली. खाली कवीचे नाव नव्हते. भवानी तलवारीच्या नावाने सही होती. आठवडाभरात पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि सरकारने तो अंक संपादक टिळकांविरुद्ध राजद्रोहाचा पुरावा म्हणून कोर्टात ठेवला. ज्यूरीतल्या नऊपैकी सहा जणांनी त्यांना दोषी ठरवले आणि न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी दीड वर्षाची सक्तमजुरी सुनावली.

देशभक्तीची गाणी पहिल्यांदा छापणारी वर्तमानपत्रे आज हौसेने जमवली जातात, पण या संग्रहाचे कूळ हौसेचे नाही. मुंबई इलाख्यात देशी पत्रांतला मजकूर इंग्रजीत करून सरकारला कळवणारे भाषांतरकार होते. ही गाणी सर्वांत आधी बारकाईने वाचून नोंदवली ती त्यांनी. बाबाराव सावरकरांना 1909 मध्ये काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तीही कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल.

आपल्या बीड जिल्ह्यात हे कूळ आणखी आडवाटेने आले. सप्टेंबर 1948 पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. मोकळे लिहायचे तर राज्याबाहेर जावे लागे, म्हणून आ. कृ. वाघमारे यांनी 1937 मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक पुण्यातून काढले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली, तेव्हा नाव बदलून पत्र चालू ठेवले. त्यामुळे फक्त 'मराठवाडा' हे नाव शोधत बसणाऱ्याच्या हातून निम्मा इतिहास निसटतो. 1938 मध्ये 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने शेकडो विद्यार्थी काढून टाकले, त्यांना नागपूर विद्यापीठाने घेतले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आंबेजोगाईत या बातमीचे मोल किती असेल, हे वेगळे सांगायला नको. 'वंदे मातरम्'ची पहिली छपाई बंगालीत झाली, पण ते म्हणण्याची इथे काय किंमत मोजावी लागली, हे सांगणारे मराठी पानही मी तितकेच मोलाचे मानतो.

शोधणाऱ्याने शीर्षकावर विसंबू नये. 'जन गण मन' काँग्रेस अधिवेशनात गायले गेले 27 डिसेंबर 1911 ला. पुढच्याच महिन्यात 'तत्त्वबोधिनी पत्रिके'त ते छापले गेले 'भारत-विधाता' या नावाने. गावांचेही तसेच. जुन्या कागदांत आंबेजोगाई 'मोमिनाबाद' म्हणून सापडते, तर बीड 'भीर' म्हणून.

कात्रण कधीच करू नये. तारीख, अंक क्रमांक, शेजारची बातमी, जाहिरात हे सगळे मिळूनच पान साक्ष देते. लाकडाच्या लगद्याचा कागद आतल्या आम्लाने पिवळा पडून ठिसूळ होतो. त्याला चिकटपट्टी लावली की डाग कायमचा, आणि लॅमिनेशन केले तर पान परत सोडवता येत नाही. उन्हापासून दूर, आम्लविरहित कागदात, न दुमडता ठेवावे. फोटो काढून ठेवावा, म्हणजे मूळ पान वारंवार हाताळावे लागत नाही.

बीड, आंबेजोगाई, माजलगाव, गेवराईच्या जुन्या वाड्यांतल्या ट्रंका अजून उघडायच्या आहेत. मुक्तिसंग्रामात उतरलेल्या आजोबांचे कागद रद्दीवाल्याच्या काट्यावर जाण्याआधी एकदा तारखा वाचा, आणि 1948 च्या आधीचा अंक दिसला तर तो जवळच्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागात दाखवा.