केशवसुतांची बंडखोरी आणि जव्हार-मोखाड्याच्या बोली

मालगुंड येथे जन्म, मुंबई, खानदेश व धारवाड येथे शिक्षकी पेशा आणि हुबळी येथे प्लेगने अकाली मृत्यू, अशी कृष्णाजी केशव दामले ऊर्फ केशवसुत (१८६६–१९०५) यांची चरित्ररेषा आहे. इंग्रजी रोमँटिक कवितेच्या परिशीलनातून त्यांनी आत्मनिष्ठ काव्यदृष्टी स्वीकारली व सुनीत मराठीत रुजविले. तथापि त्यांच्या बंडखोरीचे मर्म या स्वीकारात नाही. कवितेत बोलण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नात ते शोधावे लागते.

'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' (१८८८) आणि 'मजुरावर उपासमारीची पाळी' (१८८९) या कवितांनी काव्याच्या उंबरठ्याबाहेरील माणसे आत आणली. परंतु माणूस नवा असला, तरी त्याच्या मुखी घातलेली भाषा शिक्षितांचीच राहिली. 'झपूर्झा' (१८९३) मध्ये याहून वेगळे घडले. मुली खेळताना म्हणतात त्या 'जा पोरी जा' या बोलांच्या जलद उच्चारातून आलेल्या शब्दास केशवसुतांनी तन्मयतेच्या अनुभवाचा अर्थ दिला. लोकमुखातील ध्वनी येथे केवळ अलंकार न राहता विचाराचे वाहन झाला. भाषाभ्यासकास हे पाऊल 'तुतारी'च्या आवाहनाइतकेच क्रांतिकारक वाटावे.

हे पाऊल पुढे पडले काय, याची कसोटी जव्हार-मोखाड्यासारख्या प्रदेशात लागते. केशवसुतांचे निधन झाले त्याच १९०५ साली ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड प्रसिद्ध झाला. त्यात वारलीची नोंद झाली, परंतु भाषेचा नमुना म्हणून. काव्याची भाषा म्हणून नव्हे. वास्तविक विवाहप्रसंगी गाणाऱ्या वारली धवलेरींची गीतपरंपरा समृद्ध आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालकांचे कुपोषणमृत्यू महाराष्ट्रास कळले, तेव्हा मजुराच्या उपासमारीचा शतकापूर्वीचा विषय पुन्हा समोर आला. मात्र ती वार्ता अहवालांच्या व वृत्तपत्रांच्या मराठीत आली. ज्यांच्या घरी ही आपत्ती कोसळली, त्यांची बोली त्या चर्चेच्या परिघावरच राहिली.

केशवसुतांचा वारसा केवळ नव्या विषयांचा मानला, तर तो पुरा झाला असे म्हणता येईल. तो बोलण्याच्या अधिकाराचा मानला, तर वारली, कोकणा व ठाकूर मुलांचा पहिला प्रश्न त्यांच्याच बोलीत वर्गात ऐकला जाईपर्यंत तो अपुराच आहे. केशवसुत स्वतः शिक्षक होते. त्यांच्या कवितेचे हे देणे प्रथम शिक्षकांकडेच येते.