चावा ही बी

वाळूजला रात्रपाळी सुटलीय. शेजारच्याच पंढरपूर गावाच्या चौकात तुम्ही चहाचा पहिला घोट घेताय, मागून कंपनीच्या बसचा हॉर्न. कप ठेवा, डोळे मिटा. उघडा.

1855. एडिनबरा. कोळशाचा धूर थेट घशात, खाली दगडी रस्त्यावर घोडागाड्यांची खडखड. तुमच्या हातात चॉकलेटी, टणक बी, वालाच्या दाण्याची थोरली बहीण. आफ्रिकेतल्या कालाबारहून आलेली. तिकडे आरोपीला हीच खायला घालतात. ओकला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार.

समोर प्रोफेसर रॉबर्ट क्रिस्टिसन. विषांवर जाडजूड ग्रंथ लिहिलेला माणूस, आणि सकाळी उठून चावतो काय, तर हे! पाव बी. घ्या, तुम्हीही चावा.

थोड्याच वेळात डोकं गरगरतं. हातपाय लुळे, नाडी अडखळतेय. भान मात्र लख्ख. आपलं काय होतंय ते सगळं कळतंय, हा खरा छळ. क्रिस्टिसन हाताशी असलेलं दाढीचं पाणी उचलतात आणि फेसासकट घटाघट पितात. प्या तुम्हीही, लाजू नका. भडाभडा... सुटलात! कालाबारच्या न्यायानं दोघंही निर्दोष.

त्याच वर्षी लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातले थॉमस ॲडिसन 11 रोग्यांची हकिगत छापतात. वॉर्डात डोकवा. घामाचा, उलटीचा दर्प. रोगी उन्हात न जाता काळवंडलेला, उठून बसायचं त्राण नाही. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अनेकांच्या क्षयानं पोखरलेल्या, एखाद्याच्या नुसत्याच आक्रसलेल्या. अशा रोग्यात शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटतं, हे कळायला अजून शंभर वर्षं.

आता 1934, ग्रीनिच, सेंट आल्फेज हॉस्पिटल. खाटेवरच्या बाईचा आजारही तसलाच घरभेदी, मायस्थेनिया. इथं मार स्नायूंवर. पापणी लोंबतेय, घास गिळवत नाही. डॉक्टर मेरी वॉकर सुई टोचतात. सुईत फायसोस्टिग्मिन, तुम्ही चावलेल्या बीचंच सत्त्व. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नेणारं रसायन एक एन्झाइम सारखं मोडत असतं. हे सत्त्व त्या एन्झाइमला अडवतं. तुमच्या अंगात रसायनाचा पूर आला, हिच्यात अडलेला निरोप पोचतोय. बघा, पापणी उचलली! काही तासांनी पुन्हा पडेल, मग पुन्हा सुई.

ॲडिसनच्या रोग्यांना मात्र या सुईचा उपयोग नाही. त्यांना हवं ते संप्रेरक, कॉर्टिझोन, औषध म्हणून हाती यायला इथून अजून पंधराएक वर्षं आहेत.