इन्व्हरकार्गिलची ‘इंडियन’

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाजवळ इन्व्हरकार्गिल हे शहर आहे. तेथील बर्ट मन्रो याने 1920 साली ‘इंडियन स्काऊट’ ही अमेरिकन मोटारसायकल विकत घेतली. हिंदुस्थानाशी तिचा संबंध केवळ नावापुरता. इंजिन 600 सी. सी. चे, वेग ताशी जेमतेम 90 किलोमीटर.

मोठे इंजिन विकत आणून बसविण्याइतका पैसा मन्रोपाशी नव्हता. तेव्हा जुन्याच इंजिनातून मोठे इंजिन काढावयाचे त्याने ठरविले. दिवसा तो मोटारसायकली विकी आणि रात्री शेडमध्ये खपे. दट्ट्ये ओतण्यासाठी जुन्या डब्यांचे साचे, सिलिंडरसाठी ओतीव लोखंडाचा नळ, दट्ट्याच्या दांड्यासाठी ट्रॅक्टरचा टाकाऊ आस. सूक्ष्म मापे घेण्याचे साधनदेखील चाकाच्या आऱ्यापासून केलेले! परंतु शक्ती वाढली की प्रत्येक भागावरचा ताणही वाढे. आज दांडा मोडे, उद्या दट्ट्या फुटे. हे भग्नावशेष त्याने फळीवर मांडले आणि ‘वेगाच्या देवाला अर्पण’ असे तिच्यावर लिहिले. या थट्टेत कित्येक वर्षांची कमाई होती.

इंजिन अखेर 950 सी. सी. पर्यंत पोहोचले. 1967 साली, वयाची 68 वर्षे झाल्यावर, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरी पठारावर त्याने ताशी 183.586 मैलांचा विक्रम नोंदविला. 1978 मध्ये मन्रो वारला. पुढे त्या विक्रमाच्या सरासरीत हिशेबाची चूक असल्याचे त्याच्या मुलाच्या ध्यानी आले, आणि 2014 मध्ये तो आकडा 184.087 असा दुरुस्त करण्यात आला.