प्रतिष्ठित इसम आणि मुद्देमाल

पंचनाम्याचा कागद मी प्रथम पाहिला तो १९९१ साली, आमच्या वस्तीत. पहाटे पोलिसांची धाड आली. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत चरस सापडला, असे आम्हाला सांगण्यात आले. सापडताना कुणी पाहिला नव्हता. माझे वडील हमालीला निघाले होते. त्यांना चौकीवर नेले आणि चार कोऱ्या कागदांवर त्यांचे अंगठे घेतले. एरवी ज्या चौकीत त्यांना बाकावर बसू देत नसत, तिथे त्या दिवशी ते 'प्रतिष्ठित इसम' झाले!

हा शब्द कायद्याचा आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने झडतीसाठी त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी मागितले. १९७३ च्या संहितेत 'स्वतंत्र' हे विशेषण त्याला जोडले गेले. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, तिने झडतीचे चित्रीकरण आणले. शब्द मात्र तोच राहिला. गावगाड्यात सरकारी वसुलीचा पैसा खजिन्यापर्यंत सांभाळून नेण्याचे काम महाराचे होते. पैशाला त्याचा विश्वास चालत होता, प्रतिष्ठा मात्र त्याच्या वाट्याला नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध बिल मांडले. वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

जप्त मालाचा इतिहासही असाच माणूस पाहून चालतो. १८३९ साली चीनच्या लिन झेशू या अधिकाऱ्याने कँटनच्या परदेशी व्यापाऱ्यांकडून अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या. त्यात मुंबई बंदरातून गेलेली माळव्याची अफूही होती. ३ जूनपासून हूमेनच्या किनाऱ्यावर खड्डे खणून पाणी, मीठ आणि चुना घालून ती नासवली आणि समुद्रात सोडली. हे काम सुमारे तीन आठवडे उघड्यावर, लोकांसमोर चालले. इंग्रजांनी त्यावर युद्ध केले आणि १८४२ च्या नानकिंग तहात त्या अफूपोटी साठ लाख डॉलर वसूल केले. इकडे हिंदुस्थानात १८५७ आणि १८७८ च्या अफू कायद्यांनी सरकारी मक्तेदारी पक्की केली. सरकारची अफू महसूल ठरली, परवान्याबाहेरची गुन्हा ठरली.

आजचा अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. १९८९ साली त्यात कलम ५२-अ आले. माल धोक्याचा, चोरीला जाणारा, ठेवायला जागा अपुरी. म्हणून खटला संपण्यापूर्वीच तो नष्ट करता यावा, ही त्यामागची भूमिका. त्यासाठी मॅजिस्ट्रेटने यादी, छायाचित्रे आणि नमुने प्रमाणित करायचे; मग तोच मूळ पुरावा. पण त्याच वर्षीच्या सरकारी स्थायी आदेशाने जागेवरच, पंचांसमक्ष नमुने काढायला सांगितले होते : चरसाचे २४ ग्रॅम, दोन प्रतींत, लाखेची मोहोर लावून. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मोहनलाल खटल्यात सांगितले, नमुने मॅजिस्ट्रेटसमोरच काढले पाहिजेत. २०२२ च्या नियमांनी तेच केले. २०२५ साली न्यायालयाने पुढे स्पष्ट केले की, केवळ ५२-अ पाळले नाही म्हणून आरोपी सुटत नाही. त्या चुकीने पुराव्याविषयीच शंका उभी राहिली, तर तिचा फायदा त्याला मिळतो.

विद्यार्थी मित्रांनो, हा कलमांचा किचकटपणा नाही. माल एकदा भट्टीत गेला की कागद आणि चिमूटभर नमुना एवढेच उरते. कागद खोटा असेल, तर त्याला खोटे पाडायला काहीच उरत नाही. म्हणूनच तो कागद भरताना कोण हजर होते, हा प्रश्न सर्वांत मोठा.

शेजारचा तो पोरगा चार वर्षे कच्च्या कैदेत होता. चरसाच्या गुन्ह्याला तेव्हा किमान दहा वर्षांची सजा होती. कोर्टात सरकारी वकिलांनी वडिलांना विचारले, "हा अंगठा तुमचाच ना?" वडील म्हणाले, "अंगठा माझाच हाय साहेब. पर तवा कागूद कोरा व्हता." पोरगा सुटला. त्याच्या चार वर्षांची भरपाई मात्र कुठल्याच तहात नव्हती.

वडिलांनी त्यानंतर आम्हा भावंडांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली : वाचल्याशिवाय सही करू नका. वस्तीत धाड येईल तेव्हा कार्यकर्त्यांनी पंच म्हणून पुढे व्हावे, कागद वाचावा, मोहोर पाहावी आणि मगच सही करावी. कायद्याच्या त्या शब्दावर आमचाही हक्क आहे.