घरातल्या रोपांसाठी हीटर: कोणता घ्यावा, किती वॅटचा आणि मुंबईत लागतो तरी का?

थंडी सुरू झाली की शॉपिंग अ‍ॅपवर 'प्लँट हीटर', 'सीडलिंग हीट मॅट', 'ग्रो टेंट हीटर' अशा वस्तू दिसायला लागतात. वर्णन वाचून वाटतं की हे घेतलं नाही तर आपली मिरचीची रोपं गारठून जाणार. मी कांदिवली पश्चिमेला चारकोपात राहतो आणि काचा बसवलेल्या गॅलरीत ग्रो लाइटखाली रोपं करतो. त्यामुळे हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: आपल्याकडे हीटर हा दुय्यम भाग आहे, थर्मोस्टॅट मुख्य. असं का, ते समजलं की खरेदी सोपी होते आणि पैसेही वाचतात.

मुंबईची थंडी नेमकी किती?

सांताक्रूझ वेधशाळेत आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे, २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे साठ वर्षांहून जुना विक्रम. एरवी जानेवारीत पहाटेचं किमान तापमान १६-१७ च्या आसपास असतं, एखाद्या थंड आठवड्यात १३-१४ पर्यंत उतरतं. आणि त्याच दिवशी दुपारी पारा ३० च्या पुढे जातो! आपली थंडी ही रात्री दोन ते सकाळी आठ एवढ्या वेळेची गोष्ट आहे. त्यात बंद गॅलरी बाहेरच्यापेक्षा दोन-चार अंशांनी उबदार असते.

मोठ्या झालेल्या रोपाला, म्हणजे मनी प्लँट, तुळस, कढीपत्ता यांना १५ अंशांनी काही होत नाही. वाढ जरा मंदावते, बस. फरक पडतो तो बी रुजताना. मिरचीचं बी मातीत १५ अंश असताना उगवायला साधारण २५ दिवस घेतं, २५ अंशांना आठ-नऊ दिवस. टोमॅटोचं तसंच: १५ अंशांना जवळपास दोन आठवडे, २५ ला सहा दिवस. तीन आठवडे ओल्या कोकोपीटमध्ये पडून राहिलेलं बी बऱ्याचदा कुजून जातं, आणि आपण म्हणतो 'बी खराब होतं'. कोथिंबीर, मेथी, पालक यांना मात्र आपला हिवाळा आवडतो. त्यांच्यासाठी हीटरचा विचारसुद्धा करू नका.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बी रुजायला उब हवी ती मातीला, खोलीच्या हवेला नाही. निम्मे चुकीचे हीटर हा फरक न कळल्यामुळे विकले जातात.

आधी घरात असलेला हीटर मोजा

ग्रो लाइट हा हीटरच आहे. १०० वॅटचा एलईडी दिवा १०० वॅट वीज घेतो, आणि ती वीज थोडा प्रकाश, थोडी उष्णता करत शेवटी जवळजवळ सगळी बंद जागेत उष्णता म्हणूनच उरते. आता ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि १४० सेंटिमीटर उंच असा छोटा ग्रो टेंट घ्या. त्याचं सगळ्या बाजूंचं क्षेत्रफळ धरलं तर सुमारे ४ चौरस मीटर. पातळ कापडातून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला साधारण ५ ते ६ वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे आत बाहेरच्यापेक्षा ६ अंश जास्त ठेवायचे तर ४ × ५.५ × ६ = १३२ वॅट. एवढीच गरज! दिवा १०० वॅटचा असेल तर बहुतेक काम तोच करतो.

मग युक्ती साधी आहे: हिवाळ्यात दिव्याचा टायमर उलटा लावा. रोपांना १४ तास प्रकाश हवा असेल तर तो संध्याकाळी सहा ते सकाळी आठ द्या, दुपारी अंधार. रोपाला त्यानं काही बिघडत नाही, आणि सर्वांत थंड तासांत दिवा चालू राहतो. चारकोपात हे विशेष जमतं. १९८० च्या दशकात म्हाडानं जागतिक बँकेच्या मदतीनं इथे छोटे प्लॉट पाडून वस्ती उभी केली. त्या गल्ल्यांत घरं इतकी जवळजवळ आहेत की खालच्या मजल्यावर ऊन फारसं येतच नाही, म्हणजे रोपांना दिवसासुद्धा दिवाच लागतो. मग तो रात्री का नको? फक्त गॅलरीला लागून बेडरूम असेल तर टेंटची चेन नीट बंद करा, नाहीतर घरातले लोक तुम्हाला झोपू देणार नाहीत.

दुसरी फुकटची सोय म्हणजे पाणी. एका लिटरच्या वीस बाटल्या भरून टेंटमध्ये ठेवल्या तर दुपारी त्या तापतात आणि रात्री ती उष्णता सोडतात. २० लिटर पाणी ५ अंशांनी थंड होताना जेवढी उष्णता देतं, ती आठ तासांत पसरली तर सुमारे १५ वॅटचा हीटर रात्रभर चालल्यासारखी असते. निफाड, दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार कडाक्याच्या थंडीत पहाटे ड्रिपनं पाणी सोडतात आणि बागेत शेकोट्या पेटवतात, त्यातल्या पाण्यामागे हेच गणित आहे. शेकोटीचा भाग मात्र गॅलरीत आणायचा नाही. कोळशाची शेगडी, गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर बंद जागेत कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. शिवाय जळण्यातून निघणारा इथिलीन वायू टोमॅटोची पानं वाकडी करतो, तो भाग वेगळाच.

हीटरचे प्रकार

हीट मॅट: ट्रेखाली अंथरायची पातळ चटई. साधारण २५ × ५० सेंटिमीटरची मॅट २० वॅटच्या आसपास घेते आणि माती सभोवतालच्या हवेपेक्षा ५ ते १० अंशांनी गरम करते. मिरची, टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची रुजवायला आपल्याकडे एवढं पुरेसं आहे. दिवसरात्र चालू ठेवली तरी महिन्याला साडेचौदा युनिट, युनिटला १० रुपये धरले तर १४५ रुपयांच्या आत.

सिरॅमिक बल्ब: उजेड न देणारा, नुसता तापणारा बल्ब. ५० ते १०० वॅटचा मिळतो. टेंटची हवा गरम करायची असेल, म्हणजे पुण्या-नाशिकला, जिथे जानेवारीत पहाटे पारा १० च्या आसपास किंवा त्याखाली जातो, तिथे हा कामाचा. होल्डर चिनी मातीचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो. पोल्ट्रीत पिल्लांना उब द्यायला जुने पिवळे बल्ब लावतात, तेही चालतात, पण रात्रभर उजेड पडतो.

तेलाचा रेडिएटर, ब्लोअर, हॅलोजन: हे माणसांचे हीटर. सगळ्यात छोटा हॅलोजनसुद्धा बहुधा ४०० वॅटचा, रेडिएटर २००० च्या पुढे. आपली गरज १३२ वॅटची, हे विसरू नका. २००० वॅटचा हीटर सलग आठ तास चालला तर १६ युनिट, म्हणजे वरच्या दरानं एका रात्रीचे १६० रुपये. मॅटचा महिन्याचा खर्च त्याहून कमी आहे! ब्लोअर तर हवा इतकी कोरडी करतो की कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात. टेंटमध्ये हॅलोजन ठेवणं म्हणजे कापडाशेजारी निखारा ठेवणं.

मत्स्यालयाचा हीटर: याबद्दल फार कुणी सांगत नाही, पण मला हा आवडतो. पसरट टबात पाणी, पाण्यात ५० वॅटचा काचेचा हीटर, वर जाळी आणि जाळीवर रोपांचा ट्रे. उब सगळीकडे सारखी लागते आणि तापमान ठरवायची चकती हीटरमध्येच असते. दोन अटी: हीटर पूर्ण पाण्यात असल्याशिवाय चालू करायचा नाही, नाहीतर काच तडकते, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा. हायड्रोपोनिक्सच्या टाकीला मात्र मुंबईत हीटर लागत नाही. तिथे आपली अडचण उलटी आहे, पाणी फार तापतं.

परदेशातून आलेली मॅट

हा भाग नीट वाचा. न्यू जर्सी, टोरांटोकडची मराठी मंडळी हिवाळ्यात तुळस आणि कढीपत्ता खिडकीत हीट मॅटवर जगवतात. तिथे ती खरी गरज आहे. मग सुट्टीत येताना एखादी मॅट ताई किंवा मामा तुमच्यासाठी घेऊन येतो. ती १२० व्होल्टची असते. आपल्याकडे २३० व्होल्ट. व्होल्टेज दुपटीच्या जवळ गेलं की पॉवर दुप्पट होत नाही, वर्गाच्या हिशोबानं वाढते. २० वॅटची मॅट इथे ७३ वॅट खेचते, आणि ती माती, ट्रे आणि कोकोपीटखाली दडलेली असते. प्लग बदलायचा अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही. बाहेरून मागवलेल्या वस्तूंच्या यादीतही ११० व्होल्टचे मॉडेल असतात. म्हणून लेबलवर २२०-२४० लिहिलेलं दिसल्याशिवाय लावू नका.

थर्मोस्टॅट: खरा निर्णय इथे

मॅटला स्वतःचं डोकं नसतं. पहाटे हवा १८ ला असताना ती माती २६ वर नेते, मस्त. तीच मॅट दुपारी हवा ३० ला असताना माती ३८ वर नेते, आणि कोवळी मुळं शिजतात. थंड देशात हा प्रश्न कमी येतो, कारण तिथे दिवसही थंड. मुंबईत एका दिवसात दोन्ही टोकं येतात, म्हणून विनाथर्मोस्टॅट मॅट इथे जास्त धोक्याची.

स्वस्त आणि भरवशाचा पर्याय म्हणजे एसटीसी-१००० नावाचा डिजिटल कंट्रोलर. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतो. २२० व्होल्टचं मॉडेल घ्या. त्यात चार सेटिंग असतात. एफ१ म्हणजे हवं ते तापमान, एफ२ म्हणजे किती अंशांचा फरक पडला की चालू व्हायचं, एफ३ म्हणजे कॉम्प्रेसरसाठीचा थांबा आणि एफ४ म्हणजे सेन्सरची दुरुस्ती. मिरचीसाठी एफ१ २६ आणि एफ२ १ ठेवा. माती २५ ला आली की मॅट चालू, २६ ला बंद. सेन्सरचं टोक मातीत, बी असेल त्याच खोलीवर खोचा. हवेत लोंबकळत ठेवलं तर सगळा हिशोब चुकतो. आणि ट्रेमधून सेन्सर निसटला तर कंट्रोलरला माती थंडच वाटत राहील, म्हणून वायर चिकटपट्टीनं ट्रेला बांधा.

हा उघडा मॉड्यूल असतो, मागचे स्क्रू टर्मिनल वीजवाहक. वायरिंग येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून डब्यात बसवून घ्या. रिले १० अँपिअरचा आहे. २००० वॅटचा हीटर जवळपास ९ अँपिअर घेतो, तेव्हा तो यावर लावू नका.

वायफाय स्मार्ट प्लग चालेल का? मोबाइलवर रोजचे युनिट बघायला उत्तम. पण 'तापमान वाढलं की बंद कर' हे काम सर्व्हरवरून होत असेल तर नेट गेल्यावर मॅट चालूच राहील. म्हणून तापमानाचा निर्णय कंट्रोलरकडे आणि निरीक्षण मोबाइलकडे, अशी वाटणी करा. लाइट जाऊन आल्यावर प्लग चालू होतो की बंद, तेही सेटिंगमध्ये एकदा तपासा.

पाणी आणि वीज एकत्र आहेत

लहान तीन पिनचं सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे १४०० वॅटच्या आत. मोठा हीटर १६ अँपिअरच्या सॉकेटवरच, एक्स्टेंशन बोर्डवर कधीच नाही. मॅट पूर्ण जलरोधक हवी, आयपी६७ असेल तर उत्तम. बोर्ड ट्रेपेक्षा उंचावर लावा आणि वायरला खाली एक झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न जाता झोलावरून ठिबकेल. घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का बघा, त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. जुन्या घरांत तो बऱ्याचदा नसतो. पंधराशेची मॅट घेण्याआधी तो बसवा.

पावसाळ्यात हीटर?

चारकोपच्या पश्चिमेला खाडी आणि तिवरं, त्यामुळे जुलैत भिंतीसुद्धा घामेजतात. रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात, ते थंडीमुळे नाही, ओलीमुळे. हवा गरम केली तर सापेक्ष आर्द्रता उतरते हे खरं: २७ अंशांना ९० टक्के असलेली हवा ३० अंशांवर नेली की ७५ टक्के. पण तेच काम पाच वॅटचा छोटा पंखा हवा हलवून स्वस्तात करतो, आणि रोपाचा देठही जाड होतो. पावसाळ्यात हीटरचं बटण बंदच ठेवा.

एसीच्या खोलीत रोपं रुजवत असाल तर मात्र मॅट बाराही महिने उपयोगी. तिथे २२ अंश सतत असतात आणि हवा कोरडी. ट्रेवर पारदर्शक झाकण ठेवा, पहिले कोंब दिसले की झाकण काढा आणि मॅट बंद करा. पुढे रोपाला २० ते २४ पुरतात, जास्त उबेत ती लांब आणि लेचीपेची होतात.

फेब्रुवारीच्या मध्यानंतर मॅट पुसून, घडी न घालता गुंडाळून ठेवा. घडीवर आतली तार तुटते. कंट्रोलर काढू नका. त्यात हीटिंगशेजारी कूलिंगचा दुसरा रिले असतो, त्यावर टेंटचा पंखा जोडा, सेन्सर मातीतून काढून हवेत पानांच्या उंचीवर टांगा, एफ१ ३० आणि एफ२ २ करा. हवा ३२ ला पोहोचली की पंखा आपोआप सुरू होईल, आणि मार्चपासून तो रोजच सुरू होतो.